हिरव्या तलावात पावडर नंतर, सामू आधी

दिवाळी सरली की वाई, पाचगणी, ठोसेघरकडच्या फार्महाऊसवरचे पोहण्याचे तलाव ओस पडतात. पंप बंद, पडलेला पाला पाण्यात तसाच. महाशिवरात्रीनंतर ऊन तापतं, शनिवार-रविवारची बुकिंग सुरू होतात, आणि मालक बघतो तर पाणी हिरवंगार, तळ दिसेनासा झालेला. यावर बहुतेक ठिकाणी एकच उपाय होतो. ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, भर दुपारी बादलीने ओतायची. दुसऱ्या दिवशी पाणी जरा फिकटतं, दोन-तीन दिवसांत पुन्हा हिरवं होतं. मग पावडर कमी पडली असं समजून आणखी एक पोतं आणलं जातं.

जुनी पावडर कमकुवत होते हे खरं. ताज्या पावडरीत वजनाच्या साधारण एक तृतीयांश इतकं उपयोगी क्लोरीन असतं आणि दमट खोलीत ते झपाट्याने घटतं. पण ताजी पावडर टाकूनही शेवाळ हटत नसेल, तर आधी पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, बघायला हवा. हिरव्या पाण्यात तो चढलेला असतो, आणि चढवलेला असतो खुद्द त्या शेवाळानेच. मला या सगळ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते, म्हणून तिथे जरा थांबतो.

टीसीएल पाण्यात विरघळलं की हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. या आम्लाच्या रेणूवर विद्युतभार नसतो. त्याने आपला हायड्रोजन आयन सोडला की उरतो हायपोक्लोराइट आयन, आणि त्याच्यावर ऋण भार असतो. फरक एवढाच, पण परिणामात मोठी तफावत पडते. जिवाणूंच्या आणि शेवाळाच्या पेशींचा पृष्ठभागही ऋणभारित असतो. भाररहित आम्ल पेशीच्या पटलातून सहज आत शिरतं आणि आतली विकरं (एन्झाइम) निकामी करतं. ऋणभारित आयन बाहेरच अडतो. म्हणूनच हे आम्ल त्या आयनापेक्षा कित्येक पटींनी प्रभावी जंतुनाशक आहे.

या दोघांपैकी पाण्यात कोण किती असेल, हे सामू ठरवतो. 25 अंश सेल्सिअसला सामू 7.5 असेल तर दोघं निम्मे-निम्मे. 7.2 ला आम्लाचा वाटा दोन तृतीयांश, 8 ला जेमतेम चौथा हिस्सा, आणि 9 ला फक्त 3 टक्के. सामूचं माप लॉगरिदमचं आहे, एक अंक वाढला की हायड्रोजन आयन दहापट कमी होतात. त्यामुळे आकडा थोडासा सरकला तरी आम्लाचा वाटा असा कोसळतो.

आता शेवाळ काय करतं ते पाहू. उन्हात ते प्रकाशसंश्लेषणासाठी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. हा वायू पाण्यात सौम्य आम्लासारखा वागतो, त्यामुळे तो गेला की सामू वर सरकतो. वायू संपत आला की अनेक शेवाळं विरघळलेल्या बायकार्बोनेटमधून कार्बन काढून घेतात, आणि बदल्यात पाण्यात हायड्रॉक्साइड उरतं. आपल्याकडच्या बसाल्टच्या खडकातलं विहिरीचं-बोअरचं पाणी बहुधा जड असतं, बायकार्बोनेटला तोटा नसतो. दाट हिरव्या तलावाचा सामू दुपारी 9 च्या घरात जाऊ शकतो. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबतं, श्वसन चालूच राहतं, कार्बन डायऑक्साइड परत पाण्यात येतो आणि सामू थोडा उतरतो.

म्हणजे भर दुपारी टाकलेलं क्लोरीन सर्वांत वाईट वेळी पडतं. त्यात भर उन्हाची. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण क्लोरीनचा नाश करतात, आणि हायपोक्लोराइट आयन ते किरण आम्लापेक्षा जास्त शोषतो, म्हणून लवकर मोडतो.

हिशेबच मांडू. 10 मीटर लांब, 5 मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल तलावात 75,000 लिटर पाणी मावतं. लिटरला 10 मिलिग्रॅम क्लोरीन हवं तर सुमारे सव्वादोन किलो ताजं टीसीएल लागेल. सामू 9 असेल तर त्या 10 मिलिग्रॅमपैकी कामाचं आम्ल 0.3 मिलिग्रॅम, 7.2 असेल तर 6.7. पावडर तेवढीच, ताकद बावीसपट. आणि ओटी टेस्ट, म्हणजे थेंब टाकून रंगावरून क्लोरीन बघायची चाचणी, हा फरक दाखवत नाही. त्या चाचणीचं द्रावणच आम्लधर्मी असतं, त्यामुळे सगळं क्लोरीन एकजात पिवळा रंग देतं आणि बघणाऱ्याला वाटतं, क्लोरीन भरपूर आहे.

म्हणून आधी जाळीने पाला काढायचा, पंप चालू करायचा, आणि पाण्यात विरळ केलेलं हायड्रोक्लोरिक आम्ल थोडं थोडं सोडून सामू 7.2 च्या आसपास आणायचा. जड पाण्यात तो पुन्हा चढतो, तेव्हा काही तासांनी परत मोजायचा. मग संध्याकाळी टीसीएल. बादलीत कालवून पावडरीतला चुना खाली बसू द्यावा आणि वरचं निवळ पाणीच तलावात ओतावं, कारण तो चुनाही सामू चढवतो. आम्ल आणि टीसीएल एका बादलीत कधीही एकत्र करू नका, आम्लाच्या ओल्या बादलीतही पावडर घालू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, तोच जो पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, बेल्जियममधल्या यीप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला होता.

काही जण यातून सोपी वाट म्हणून पाइपवर बसवायचे चुंबक विकतात. ‘रसायनाशिवाय शुद्ध पाणी’ असा दावा असतो. हायड्रोजन आयन किंवा शेवाळाची पेशी चुंबकाने पाण्यातून नाहीशी होत नाही. त्यासाठी हजारो रुपये घालवू नयेत. दुसरी वाट मोरचुदाची, म्हणजे कॉपर सल्फेटची. तासगावकडे द्राक्षबागेमुळे तो घरात असतोच, आणि तांबं शेवाळ मारतं हे खरंही आहे. पण बागेवर फवारायचं बोर्डो मिश्रण करताना मोरचुदात चुना घातला की तांबं पाण्यात विरघळलेलं राहत नाही, हे बागायतदाराला ठाऊक असतं. सामू चढलेल्या जड पाण्यातही तेच घडतं. तांबं साका होऊन बसतं आणि फरशीवर डाग पडतात.

शेवाळ मेलं की हिरवा रंग जातो, पण पाणी दुधाळ राखाडी होतं. हरितद्रव्य नष्ट झालेलं असतं, पेशींची कलेवरं तरंगतच असतात. त्यांतल्या पुष्कळशा काही मायक्रॉनच्याच असल्याने वाळूच्या फिल्टरमधून निसटतात आणि ऋण भारामुळे एकमेकींना चिकटत नाहीत. सामू उतरवायच्या आधीच टीसीएल पडलं असेल तर त्यात कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडूचे बारीक कणही असतात. इथे तुरटी कामाला येते. तिच्यातल्या ॲल्युमिनियमचा धन भार पेशींचा ऋण भार मारतो, आणि त्याच्या हायड्रॉक्साइडचे पांढरे पुंजके सगळं गोळा करत खाली बसतात. पण तेही सामू बेताचा असेल तरच. 9 च्या पाण्यात ॲल्युमिनियम बरंचसं विरघळलेलं राहतं आणि पुंजके नीट धरत नाहीत. जिवंत शेवाळावर तुरटी टाकली तर उन्हात पेशींनी सोडलेल्या ऑक्सिजनच्या बुडबुड्यांनी पुंजके वर तरंगतात, म्हणून तुरटीची पाळी क्लोरीननंतर.

वरच्या तलावाला दीड किलो तुरटीपासून सुरुवात करावी. ती विरघळवून ओतायची, पंपाने पाणी ढवळून घ्यायचं आणि मग पंप रात्रभर बंद. सकाळी तळाशी बसलेला गाळ व्हॅक्यूमने फिल्टरमध्ये न नेता थेट बाहेर काढायचा. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर ते ओढ्याला सोडू नका, मासे मरतात. उघड्या खड्ड्यात एक-दोन दिवस ऊन खाऊ द्या. आणि तळाच्या निचऱ्यावरची जाळी काठावरून स्वच्छ दिसेपर्यंत कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका, कारण गढूळ पाण्यात बुडालेलं मूल हातभर अंतरावरही दिसत नाही.