बॅलेची वेशभूषा : अठराव्या शतकाचा उत्तरार्ध

बॅले या यूरोपीय नृत्यनाट्याच्या पोशाखात सु. १७६० ते १८०० या काळात झालेले स्थित्यंतर. शतकाच्या मध्यापर्यंत नर्तक-नर्तकी फ्रेंच दरबारी पेहरावच थोडा अधिक भडक करून रंगमंचावर वावरत. शतक सरता सरता त्यांच्या अंगावर तलम झगा, पायांत बिनटाचांचे मऊ जोडे आणि कातडीसारखे चिकटून बसणारे विणीचे वस्त्र आले. या बदलाचे श्रेय बहुधा झां-जॉर्ज नोव्हेर (१७२७–१८१०) या एकाच नृत्यरचनाकाराला दिले जाते. ते निम्म्याहून अधिक देता येणार नाही.

जुन्या पोशाखात पुरुषासाठी ‘तोनले’ असे. शब्दाचा अर्थ छोटे पिंप. कमरेपासून मांडीपर्यंत येणारा, आतून साचा घालून ताठ केलेला हा घेर. झां बेरँ (१६४०–१७११) याने चौदाव्या लुईच्या काळात केलेल्या आराखड्यांत त्याचे रूप पाहता येते. स्त्रीच्या झग्याखाली ‘पान्ये’, म्हणजे शब्दशः टोपल्या, असत. वेताच्या किंवा देवमाशाच्या तोंडातील लवचीक पट्ट्यांच्या कड्यांनी झगा दोन्ही बाजूंना फुगवला जाई. त्यामुळे पुरुषाचे पाय मांडीपर्यंत उघडे दिसत, स्त्रीची मात्र जेमतेम पावले. उड्या आणि पदलाघव पुरुषांच्या वाट्याला आले, त्यामागे हे एक मोठे कारण होते. मारी कामार्गो (१७१०–७०) हिने झगा घोट्यांच्या वर घेतला, तो हवेत पावले झपाट्याने ओलांडण्याची तिची करामत प्रेक्षकांना दिसावी म्हणून. मारी साले या नर्तकीने तर १७३४ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये पिग्मॅलिअनची कथा सादर करताना पान्ये काढून टाकले, केस मोकळे सोडले आणि ग्रीक पुतळ्यासारखी मलमल अंगाभोवती लपेटली. नोव्हेर तेव्हा सात वर्षांचाही झाला नव्हता.

नोव्हेरचे पत्ररूप पुस्तक १७६० मध्ये निघाले. तोनले पूर्ण हद्दपार करावेत, कारण काही पवित्र्यांत त्यांच्यामुळे नर्तकाचा नितंब खांद्याशी येऊन टेकल्यासारखा भासतो; नर्तकींचे पान्ये तीन चतुर्थांशाने कमी करावेत; आणि मुखवटे टाकून द्यावेत, कारण चेहरा झाकला की भावना झाकली जाते, असा त्याचा आग्रह होता. पान्ये त्याने पूर्णपणे मोडीत काढले नव्हते, याकडे सहसा दुर्लक्ष होते. श्टुटगार्टच्या दरबारात त्याला लूई-रने बोके हा कुशल वेशभूषाकार लाभला. बोकेच्या आराखड्यांत झालरी, फिती, फुलांच्या माळा भरपूर आहेत. नोव्हेरच्या लेखणीतील साधेपणा त्याच्याच रंगमंचावर अर्धामुर्धाच उतरला, असे ती चित्रे पाहून वाटते.

मुखवट्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. मुखवट्यांना रंगांचे संकेत होते : जलदेवतांना हिरवा व रुपेरी, राक्षसांना आगीचा रंग, वनदेवतांना काळपट तपकिरी, वाऱ्यांचे गाल फुगवलेले. पॅरिस ऑपेरात हा संकेत प्रथम मोडल्याचे मानतात तो प्रसंग संगीतकार रामोच्या ‘कास्तोर आणि पोलुक्स’ या ऑपेराच्या पुनःप्रयोगातला. नर्तक गाएतान व्हेस्त्रिस अपोलो या सूर्यदेवाच्या भूमिकेत मोठा काळा टोप, मुखवटा आणि छातीवर सोनेरी मुलाम्याचा तांब्याचा सूर्य अशा थाटात येई. तो येऊ न शकल्याने ही भूमिका माक्सिमिल्यां गार्देलकडे आली, तेव्हा लोकांनी आपल्याला व्हेस्त्रिस समजू नये म्हणून त्याने मुखवटा व टोप दोन्ही नाकारले आणि स्वतःच्या सोनेरी केसांनिशी तो उभा राहिला. बहुतेक ग्रंथ हे वर्ष १७७२ देतात, काही १७७३. पहिले अधिक संभवनीय दिसते. कथेत नंतरची भर असू शकते. पण ती खरी धरली, तर मुखवटा पडला तो तत्त्वासाठी नव्हे, तर एका नटाला स्वतःची ओळख हवी होती म्हणून. या नोंदीतला हाच प्रसंग मनात घर करतो. समूहनर्तकांचे मुखवटे त्यानंतरही काही काळ टिकले.

दोबेर्व्हाल या नृत्यरचनाकाराने १ जुलै १७८९ रोजी बोर्दो येथे गावकऱ्यांच्या जीवनावरील बॅले सादर केला. त्यात देवदेवतांऐवजी शेतकरी होते आणि पोशाखही त्यांच्यासारखे.

क्रांतीनंतरच्या दशकात ग्रीक-रोमन शिल्पांच्या धर्तीवरचे झगे रूढ झाले. व्हिएन्नात १७९३ पासून सल्व्हातोरे व्हिगानो आणि मारिया मेदिना या नर्तक दांपत्याने अंगाचा रंग दाखवणाऱ्या विणीवर पारदर्शक वस्त्रे घातली. शिल्पकार शाडोने त्यांची चित्रे काढली. या विणीच्या वस्त्राला फ्रेंचमध्ये ‘मायो’ म्हणतात. पॅरिस ऑपेराला मोजे पुरवणाऱ्या मायो नावाच्या कारागिराने ते बनवले, म्हणून हे नाव पडले, असे एक मत. दुसऱ्या मतानुसार हा शब्द फ्रेंचमध्ये फार जुना. बाळाला गुंडाळायच्या पट्ट्यांना तो लावत आणि त्याचे मूळ विणीच्या टाक्याच्या शब्दात आहे. कारागिराच्या कथेचा काळही कधी १७९० चे दशक, तर कधी एकोणिसाव्या शतकाचा आरंभ असा बदलता सांगितला जातो. मोजे विणायचे यंत्र सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून होते आणि रेशमी मोजे रंगमंचाला नवे नव्हते, हे ध्यानात घेतल्यास दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. कोणाच्या का हातून होईना, कड्यांचे ओझे आणि जोड्यांची टाच गेल्यावर एकामागून एक गिरक्या घेणे सोपे झाले. घेरदार झगा गिरकीत शरीराच्या मागे रेंगाळतो. शरीर थांबले तरी तो फिरत राहतो आणि तोल ओढून नेतो.

विरोधही झाला. डरहॅमचे बिशप शूट बॅरिंग्टन यांनी मार्च १७९८ मध्ये ब्रिटिश लॉर्ड्स सभागृहात फ्रेंच नर्तकींच्या वस्त्रांवर टीका केली. देशाची नीती बिघडवण्याचा हा फ्रेंच राजवटीचा डाव आहे, असा त्यांचा आरोप होता. पोशाखांत फेरफार करावे लागले, आणि गिलरेने लगोलग व्यंगचित्र काढून नर्तकींना बिशपचा पेहराव चढवला.

प्रत्यक्ष वस्त्रे फार थोडी उरली आहेत. चेक प्रजासत्ताकातील चेस्की क्रुम्लोव्ह गढीच्या नाट्यगृहात त्या काळचे नाट्यपोशाख जपलेले आहेत. चित्ररूप पुराव्यात नोव्हेरने १७६६ मध्ये पोलंडच्या राजाकडे पाठवलेले, बोकेच्या आराखड्यांसह असलेले अकरा खंड मोलाचे. ते वॉर्सा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत.