स्टोनवॉलच्या आधीची प्रार्थनासभा

समलिंगी भाविकांचे उघडपणे स्वागत करणाऱ्या ख्रिस्ती मंडळ्या न्यूयॉर्कमधील स्टोनवॉलच्या उठावातून, म्हणजे ‘स्टोनवॉल इन’ या समलिंगींच्या बारवरील पोलिसी छाप्याविरुद्धच्या उठावातून, जन्माला आल्या, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. तारखा मात्र त्याला दुजोरा देत नाहीत. तो उठाव २८ जून १९६९ रोजी सुरू झाला. त्याआधी जवळजवळ नऊ महिने, ६ ऑक्टोबर १९६८ रोजी, ट्रॉय पेरी यांनी लॉस एंजेलिसजवळच्या हंटिंग्टन पार्क येथील आपल्या राहत्या घरी पहिली उपासना घेतली आणि तिला १२ जण आले. समलिंगी असल्यामुळे पेंटेकोस्टल या ख्रिस्ती पंथातील पाळकपद गमावलेल्या पेरींना याची प्रेरणा मिळाली ती एका मित्राच्या उद्गारांतून: बारवरील पोलिसी कारवाईत अटक होऊन सुटल्यावर तो म्हणाला होता की, देवाला आपली पर्वा नाही. त्यानंतर पेरींनी वृत्तपत्रात सभेची जाहिरात दिली. याच सभेतून पुढे मेट्रोपॉलिटन कम्युनिटी चर्च उभे राहिले.

तथापि, ‘पहिले’ हा मान पेरींना देणेही घाईचे ठरेल, कारण अटलांटा येथे जॉर्ज हाइड यांनी १९४६ मध्येच अशी मंडळी सुरू केली होती.

रॉबर्ट क्लेमेंट यांचे न्यूयॉर्कमधील ‘चर्च ऑफ द बिलव्हेड डिसायपल’ मात्र खरोखरच स्टोनवॉलनंतरचे, १९७० मधले आहे. गैरसमजाला बळ मिळाले असेल ते बहुधा अशाच उदाहरणांमुळे, शिवाय चळवळीचा सारा इतिहास एकाच रात्रीपासून मोजण्याच्या सोयीस्कर सवयीमुळे.