मतदार आपल्याच माणसाला मत देतो का?

निकालाच्या दिवशी दुपार होईपर्यंत विश्लेषण तयार असतं: अमुक समाजाने आपल्या माणसाला एकगठ्ठा मतं दिली, म्हणून तो निवडून आला. जगात जिथे जिथे निवडणुका होतात तिथे हे वाक्य ऐकू येतं, आणि इतक्या खात्रीने, की ते कशाच्या आधारावर म्हटलं जातंय हे क्वचितच कोणी विचारतं. मत तर गुप्त असतं. मग कोणी कोणाला मत दिलं हे कळलं कसं? आणि आपल्या वांशिक गटाचा उमेदवार पाहिला की मतदार खरोखर त्याच्याकडे झुकतो का?

झुकतो. अनेक देशांतल्या अभ्यासांत हा कल दिसला आहे. पण तो किती आणि कशामुळे, हे बघितल्याशिवाय त्या उत्तराला फारसा अर्थ नाही.

आधी 'किती' पाहू. २००८ साली अमेरिकेत बराक ओबामा निवडून आले. मतदानोत्तर पाहणीनुसार सुमारे ९५ टक्के कृष्णवर्णीय मतदारांनी त्यांना मत दिलं होतं. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण त्याआधी चार वर्षं, २००४ मध्ये, त्याच पक्षाचे जॉन केरी उभे होते. ते श्वेतवर्णीय, तरी त्यांना कृष्णवर्णीयांची सुमारे ८८ टक्के मतं मिळाली होती. म्हणजे ९५ पैकी बहुतेक मतं पक्षाची होती. उमेदवाराच्या वर्णामुळे किती फरक पडला हे शोधायचं, तर या दोन आकड्यांमधलं अंतर बघावं लागेल. उलट १९६० साली जॉन केनेडी उभे राहिले तेव्हा हे अंतर फार मोठं होतं. इथे ओळख पंथाची होती, पण हिशोब तोच. १९५६ मध्ये त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवाराला जेमतेम निम्म्या कॅथलिकांनी मत दिलं होतं. कॅथलिक असलेल्या केनेडींना गॅलप या जनमत पाहणी संस्थेच्या नोंदींनुसार ७८ टक्के कॅथलिकांनी मत दिलं. दोन्ही ठिकाणी 'आपल्या लोकांनी निवडून दिलं' असंच म्हटलं गेलं, पण आकड्यांतली गोष्ट एकसारखी नाही.

मतपेटीतून निघालेल्या आकड्यांवरून माणसांबद्दल बोलताना आणखी एक खड्डा लागतो. एखाद्या मतदारसंघात एका गटाचे ४० टक्के लोक आहेत आणि त्या गटाच्या उमेदवाराला ४० टक्के मतं पडली, असं समजा. लगेच निष्कर्ष निघतो की त्या गटातल्या सगळ्यांनी त्याला मत दिलं. पण निम्म्या गटाने आणि बाकीच्यांपैकी एक तृतीयांश लोकांनी त्याला मत दिलं असतं, तरी बेरीज ४० टक्केच भरते. विल्यम रॉबिन्सन या समाजशास्त्रज्ञाने १९५० मध्येच हा धोका दाखवला होता. अमेरिकेत ज्या राज्यांत परदेशात जन्मलेल्यांचं प्रमाण जास्त, तिथे साक्षरताही जास्त होती. याचा अर्थ स्थलांतरित अधिक साक्षर होते असा नव्हता. माणसागणिक पाहिलं तर चित्र उलटं होतं. ते फक्त अधिक साक्षर राज्यांत जाऊन राहिले होते. अशा आकड्यांमधून गटांची मतं वेगळी काढण्याच्या पद्धती पुढे विकसित झाल्या. १९८६ च्या एका महत्त्वाच्या खटल्यापासून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मतदारसंघांच्या रचनेच्या वादात वांशिक गटवार मतदानाचा पुरावा हा कळीचा मुद्दा मानला, त्यामुळे या पद्धती कोर्टातही तपासल्या जाऊ लागल्या.

लोकांना थेट विचारावं, तर तिथेही अडचण. 'मी जात-वंश बघून मत देतो' असं अनोळखी माणसाला कोण सांगेल? म्हणून संशोधक प्रयोगाकडे वळले. त्यातला मला सर्वांत आवडलेला प्रयोग थाड डनिंग आणि लॉरेन हॅरिसन यांनी माली देशात केला. बामाको शहरात लोकांना एका होतकरू उमेदवाराच्या भाषणाची चित्रफीत दाखवली. भाषण सगळ्यांना एकच. बदललं होतं फक्त आडनाव. मालीत आडनावावरून वांशिक गट बऱ्याचदा कळतो, पण आणखीही एक गोष्ट कळते: थट्टेचं नातं. काही आडनावांमध्ये पिढ्यान् पिढ्या चेष्टेचा हक्क चालत आलेला आहे. त्राओरे आणि दियारा ही त्यातलीच एक जोडी. पहिल्या भेटीतसुद्धा एकाने दुसऱ्याला 'तू नुसता शेंगा खाणारा!' म्हणून चिडवायचं, दुसऱ्याने ते हसून परतवायचं, आणि दोघांत जिव्हाळा आहे असं धरून चालायचं. ही नाती वांशिक गटांच्या सीमा ओलांडून जातात.

निकाल असा आला: आपल्या गटाचं आडनाव सांगितलं की लोक उमेदवाराला अधिक गुण देत होते. म्हणजे कल होताच. पण परक्या गटातला, तरी थट्टेच्या नात्यातला उमेदवार असेल, तर त्यालाही साधारण तेवढेच गुण मिळत होते, जेवढे स्वतःच्या गटातल्या पण तसं नातं नसलेल्या उमेदवाराला मिळत. मालीत अनेक वांशिक गट असूनही राजकीय पक्ष वंशाच्या रेषांवर उभे राहिले नाहीत, याचं एक कारण या संशोधकांना इथे दिसलं. माणूस 'आपला' ठरण्याचे रस्ते एकाहून जास्त असतील, तर वंशाचा रस्ता एकटा राज्य करू शकत नाही.

मग हा कल येतो कुठून? रक्ताची ओढ हे सोपं उत्तर आहे, आणि थोडंफार खरंही असेल. पण पुरावा बघता मला हिशोबाची बाजू जड वाटते. केनियातल्या रस्त्यांचा १९६३ ते २०११ या काळाचा अभ्यास रॉबिन बर्जेस आणि सहकाऱ्यांनी केला. राष्ट्राध्यक्षाच्या वांशिक गटाच्या जिल्ह्यांना रस्त्यांसाठी इतरांच्या दुप्पट पैसा मिळत होता, आणि तिथे बांधलेल्या पक्क्या रस्त्यांची लांबी तर पाचपटीपर्यंत होती. अशा देशात खुर्चीवर आपला माणूस असावा असं वाटणाऱ्या शेतकऱ्याला अडाणी म्हणता येत नाही. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती फार कमी सांगितली जाते: बहुपक्षीय लोकशाहीच्या वर्षांत हा पक्षपात नाहीसा झाला होता.

घानामध्ये नाओमी इचिनो आणि नोआ नेथन यांनी हाच धागा गावपातळीवर नेला. तिथे दोन मोठे पक्ष आहेत. एकाची ओळख अकान लोकांशी जोडलेली, दुसऱ्याची एवे लोकांशी. नुसतं गट बघून मत पडत असेल, तर माणूस कुठेही राहत असला तरी त्याचं मत बदलायला नको. प्रत्यक्षात ग्रामीण भागात ते बदलत होतं. ज्यांच्या आजूबाजूला दुसऱ्या गटाची वस्ती जास्त, त्यांनी त्या दुसऱ्या गटाच्या पक्षाला मत देण्याची शक्यता वाढत होती. कारण उघड आहे. सरकारने विहीर खणली किंवा रस्ता केला, तर तो गावाला मिळतो, एका वंशाला नाही. शेजाऱ्यांचा पक्ष सत्तेत आला आणि गावात पाणी आलं, तर ते आपल्यालाही मिळणारच. दाट वस्तीच्या शहरी भागात हा परिणाम तसा दिसला नाही.

'आपला' गट कोणता हेही जन्माने कायमचं ठरत नाही. चेवा आणि तुंबुका हे दोन समाज झांबिया आणि मलावी या दोन्ही देशांत राहतात. मधली सीमा १८९१ मध्ये वसाहतवाल्यांनी आखली. भाषा, चालीरीती दोन्हीकडे जवळपास सारख्याच. डॅनियल पोस्नर यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांपासून थोड्याच अंतरावरच्या गावांत जाऊन विचारलं: दुसऱ्या समाजाच्या उमेदवाराला राष्ट्राध्यक्षपदासाठी मत द्याल का? मलावीच्या बाजूला बहुसंख्य लोक नाही म्हणाले. झांबियाच्या बाजूला नाही म्हणणारे बरेच कमी होते. कारण संख्येत आहे. मलावीत दोन्ही समाज मोठे, एकेका पक्षाचा पाया होण्याइतके, म्हणून एकमेकांचे प्रतिस्पर्धी. अवाढव्य झांबियात दोघेही इतके लहान, की राष्ट्रीय राजकारणात ते 'पूर्वेकडचे लोक' म्हणून एकत्रच येतात. वैर समाजांमध्ये होतं म्हणून राजकारण तसं झालं, असं आपण नेहमी मानतो. या गावांत उलटं दिसतं.

वेळेनुसारही हे बदलतं. आफ्रिकेतल्या दहा देशांतल्या ३५ हजारांहून अधिक लोकांच्या मुलाखतींत पोस्नर आणि सहकाऱ्यांना आढळलं, की चुरशीची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जसजशी जवळ येते, तसतसं दर महिन्यामागे स्वतःची ओळख वंशाने सांगणाऱ्यांचं प्रमाण १.८ टक्के-बिंदूंनी वाढतं. मोसम प्रचाराचा असतो, तेव्हा माणूस आधी आपल्या गटाचा होतो.

मतदाराला उमेदवाराच्या कामाची माहिती दिली तर? आडनाव हा पुष्कळदा माहितीला पर्याय असतो. दुसरं काहीच ठाऊक नसेल तर निदान ते ठाऊक असतं. उत्तर प्रदेशात २००७ च्या विधानसभा निवडणुकीआधी अभिजित बॅनर्जी, रोहिणी पांडे आणि सहकाऱ्यांनी काही गावांत सभा आणि कठपुतळ्यांचे खेळ करवले. संदेश एवढाच, की जात नको, विकास बघून मत द्या. जातीवर पडणारं मत त्या गावांत घटलं. बेनिन देशात मात्र मतदारांनी माहिती गाळून घेतली. २०१५ मध्ये तिथे विद्यमान आमदारांच्या कामगिरीचे आकडे लोकांना दाखवले गेले. चांगलं काम करणाऱ्या आमदाराला बक्षीस मिळालं, पण तो आपल्या गटाचा असेल तरच. वाईट कामाची शिक्षाही झाली, पण तो परक्या गटाचा असेल तरच. तिथल्या काही गावांत आकड्यांच्या जोडीला आमदाराच्या कामामुळे आपल्या रोजच्या जगण्यात काय फरक पडतो हे समजावून सांगितलं होतं, आणि मतदारसंघातल्या पुष्कळ गावांना एकाच वेळी ती माहिती दिली होती. या दोन्ही गोष्टी जिथे एकत्र झाल्या, तिथे चांगलं काम करणाऱ्या आमदारांची मतं वाढली.