केसांची खनिज तपासणी

केसांची खनिज तपासणी : डोक्यावरच्या केसांचा नमुना आम्लात विरघळवून त्यातील जस्त, तांबे, कॅल्शियम, सेलेनियम ही खनिजे आणि पारा, आर्सेनिक, शिसे हे विषारी धातू मोजण्याची पद्धत. विषबाधेच्या तपासात ती जुनी आणि कामाची आहे. शरीराचे पोषण जोखण्यासाठी मात्र ती भरवशाची नाही, आणि मुंबईत ती लोकांसमोर येते ती नेमकी याच दुसऱ्या कामासाठी. केस गळतात, थकवा जात नाही, मूल नीट जेवत नाही, अशा तक्रारींवर ‘मिनरल बॅलन्स’ पाहू म्हणून ती सुचवली जाते.

केस फक्त मुळाशी जिवंत असतो. त्वचेबाहेर आलेला भाग म्हणजे मृत केराटिन, म्हणजे केस ज्याचा बनतो ते प्रथिन. मुळाशी रक्तातून आलेले काही धातू केराटिनमधील गंधकाला घट्ट चिकटतात आणि केसाबरोबर वर सरकतात. केस महिन्याला साधारण १ सेंमी वाढतो, म्हणून टाळूलगतचे ३ सेंमी तपासले की सुमारे गेल्या तीन महिन्यांचा अंदाज येतो.

नमुना डोक्याच्या मागच्या बाजूने, मानेच्या जरा वरून घेतात. स्टीलच्या स्वच्छ कात्रीने अगदी टाळूलगत, चार-पाच ठिकाणांहून बारीक बटा कापतात. सगळे मिळून पाव ते अर्धा ग्रॅम केस पुरतात. मुळाकडचे टोक कोणते हे कळावे म्हणून बट दोऱ्याने बांधून ठेवतात. प्रयोगशाळेत केस धुऊन, वाळवून, वजन करून नायट्रिक आम्लात विरघळवले जातात आणि तो द्राव आयसीपी-एमएस या धातूंचे अगदी सूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या यंत्रात जातो. उत्तर दर ग्रॅम केसामागे किती मायक्रोग्रॅम असे येते. यंत्र अचूक असते. अडचण आहे ती केसात आलेला धातू पोटातून आला की बाहेरून, हे ठरवण्याची.

मुंबईत हा प्रश्न फार जवळचा आहे. भातसा, वैतरणा, तानसा या तलावांचे नळाला येणारे पाणी मृदू असते. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी अनेकदा जड असते. जड पाण्याने रोज केस धुतले की त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसात मुरते, आणि खाण्यात काहीच बदललेले नसताना अहवालात दोन्ही वाढलेली दिसतात. कोंड्यावरच्या काही शाम्पूंमध्ये झिंक पायरिथिऑन, तर काहींमध्ये सेलेनियम सल्फाइड असते. असा शाम्पू वापरणाऱ्याच्या केसात जस्त किंवा सेलेनियम भरपूर निघेल, पण ते त्याच्या शरीराला मिळालेले नसते. केसांचा रंग आणि पोहण्याच्या तलावातले तांबेही असाच घोळ घालतात. नमुना जास्त धुतला तर केसातले स्वतःचे खनिजही निघून जाते, कमी धुतला तर बाहेरचे राहते.

निष्कर्ष किती डळमळीत असतात हे ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात दोनदा छापून आले. १९८५ मध्ये दोन निरोगी किशोरवयीन मुलींचे केस १३ व्यावसायिक प्रयोगशाळांकडे पाठवले गेले. उत्तरे आपसांत जुळली नाहीत, आणि सहा ठिकाणांहून पूरक गोळ्यांचा सल्ला मात्र आला. २००१ मध्ये एकाच निरोगी व्यक्तीचा नमुना वाटून ६ प्रयोगशाळांना दिला, तेव्हा १२ खनिजांच्या बाबतीत सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यांत दहापटीहून अधिक तफावत निघाली.

पोषण आणि केस यांचा संबंध खोटा नाही. तीव्र प्रथिन-कुपोषणात मुलांचे केस विरळ आणि तांबूस होतात. कधी एकाच केसावर फिके-गडद पट्टे दिसतात, ते उपासमारीचा आणि बऱ्या दिवसांचा क्रम सांगतात. जस्ताच्या कमतरतेच्या अभ्यासातही केस तपासले गेले आहेत. पण गंभीर कुपोषणात केसाची वाढच मंदावते, त्यामुळे असलेले थोडे जस्त थोड्याच केसात साचते आणि आकडा ठाकठीक दिसू शकतो. ज्या मुलाला मदतीची सर्वांत जास्त गरज आहे, त्याचाच अहवाल अशा वेळी फसवतो.

विषारी धातूंच्या बाबतीत चित्र वेगळे आहे. माशांतून येणाऱ्या मिथाइल पाऱ्याचे केसातले प्रमाण रक्ताच्या सुमारे २५० पट असते आणि ते टिकून राहते. इराकमध्ये १९७१-७२ साली पारायुक्त औषध लावलेल्या बियाण्याची भाकरी खाऊन हजारो लोक आजारी पडले, ४५९ जण रुग्णालयांत दगावले. तेव्हा केसाचा एकेक तुकडा तपासून कोणत्या महिन्यात किती पारा पोटात गेला हे काढता आले. मोरी (शार्क) किंवा मोठी सुरमई वारंवार खाणाऱ्याला पाऱ्यासाठी ही तपासणी अर्थपूर्ण ठरू शकते. बोंबील-मांदेलीसारख्या लहान माशांत तो कमी असतो. आर्सेनिकच्या संशयात शवविच्छेदनाच्या वेळी केस मुळांसकट राखून ठेवतात आणि ते व्हिसेराबरोबर (अंतर्गत अवयवांच्या नमुन्यांबरोबर) न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जातात. मुंबईत ही प्रयोगशाळा कलिना येथे आहे. शिशासाठी मात्र रक्ताचीच तपासणी प्रमाण मानतात.

या तपासणीचा खरा तोटा पैशांपेक्षा वेळेचा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. केस गळणाऱ्या बाईला आधी हवी असते ती सीबीसी (रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची तपासणी) आणि फेरिटिन (शरीरातल्या लोहसाठ्याची तपासणी). लक्षणांप्रमाणे थायरॉइड, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. सीबीसी तर महापालिकेच्या रुग्णालयातही होते. केसांच्या खनिज अहवालात जीवनसत्त्वे येत नाहीत, आणि केसातले लोह शरीरातला लोहाचा साठा दाखवत नाही. शिवाय डेंगी, टायफॉइडसारखा मोठा ताप किंवा बाळंतपण यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळणे नेहमीचे आहे. ते बहुधा आपोआप थांबते.

अहवाल हाती आलाच असेल तर त्यावरून गोळ्या सुरू करू नयेत. जस्ताच्या गोळ्या दीर्घकाळ घेतल्या तर तांब्याचे शोषण घटते, आणि सेलेनियम जास्त झाले की केस गळू लागतात. पारा किंवा आर्सेनिक वाढलेले दिसले, तर अहवाल घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि रक्ताच्या किंवा लघवीच्या तपासणीने खात्री करून घ्यावी.