नीरोच्या छतावरून आलेला शब्द

एखादं नाटक अंगावर काटाही आणतं आणि त्याच वेळी हसूही आवरत नाही, तेव्हा मराठी समीक्षक ‘ग्रोटेस्क’ असं सरळ देवनागरीत लिहून मोकळे होतात. विरूप, विचित्र, बीभत्स यांतला एकही शब्द तिथे पुरा पडत नाही, हे खरंच. पण या शब्दाचा जन्म झाला तेव्हा त्यात भीती नव्हती, किळस तर नव्हतीच. छत रंगवण्याच्या कामाच्या एका करारात तो आढळतो.

साल 1502. इटलीतल्या सिएना शहरात कॅथेड्रलला लागून असलेल्या ग्रंथालयाचं काम कार्डिनल पिकोलोमिनी यांनी पिंतुरिक्यो या चित्रकाराला दिलं. छतावरची नक्षी ‘हल्ली ज्याला ग्रोत्तेस्के म्हणतात’ त्या तऱ्हेची हवी, अशी करारात अट होती. त्यातलं ‘हल्ली’ महत्त्वाचं. शब्द नवाकोरा होता. इटालियन भाषेत ग्रोत्ता म्हणजे गुहा. त्याचं मूळ ‘लपवणं’ या अर्थाच्या ग्रीक धातूत आहे. क्रिप्टोग्राफी आणि क्रिप्टॉन वायू हे त्याच घरातले.

गुहा होती रोममधली, आणि ती गुहा नव्हतीच.

इ. स. 64 मध्ये रोमला भयंकर आग लागली. (तेव्हा सम्राट नीरो फिडल वाजवत बसला होता ही नुसती दंतकथा, ते वाद्य तेव्हा अस्तित्वातच नव्हतं.) जळालेल्या जागेवर नीरोने ‘दोमुस आउरिया’, म्हणजे सुवर्णगृह, हा अवाढव्य राजवाडा उभारला. 68 साली त्याने आत्महत्या केली आणि पुढच्या सम्राटांनी त्याची खूण पुसायचा चंगच बांधला. राजवाड्याच्या तळ्याच्या जागी कलोसियम आलं. ओप्पियन टेकडीवरच्या भागातला संगमरवर उचकटून नेला, दालनं मातीने भरली आणि वर सम्राट ट्रेजनने सार्वजनिक स्नानगृहं बांधली. ती 109 साली खुली झाली.

सुमारे 1480 मध्ये त्या टेकडीत भगदाडं सापडली. चित्रकार दोराला लोंबकळत खाली उतरू लागले. दालनांची उंची दहा मीटरच्या आसपास, पण ती जवळजवळ वरपर्यंत मातीने भरलेली. त्यामुळे ही मंडळी पोटावर सरपटत होती ती छताच्या अगदी खालून. एरवी मान मोडेस्तोवर वर बघावं लागलं असतं ते काम हाताच्या अंतरावर आलं होतं. मशालीच्या उजेडात त्यांना दिसलं ते असं: काडीइतक्या बारीक देठातून उमललेलं अर्धं माणूस, ज्याचं कमरेखालचं शरीर पानांचं, दिव्याच्या नाजूक खांबावर तोललेलं अख्खं देऊळ, वेलीच्या टोकाला फुटलेला प्राण्याचा चेहरा. आपण राजवाड्यात आहोत हे त्यांना कुठून कळणार? आजूबाजूला माती, अंधार आणि ओल. मग ती गुहाच. कित्येकांनी तिथे आपली नावं कोरून ठेवली आहेत. किल्ल्यांच्या भिंतींवर नावं लिहिणाऱ्यांना आपण शिव्या घालतो. इथे मात्र तीच नावं कलेच्या इतिहासाचा पुरावा ठरली.

चित्रकार राफाएल आणि त्याचा सहकारी जोव्हान्नी दा उदिने हेही खाली उतरले. चित्रांइतकंच जोव्हान्नीला तिथल्या उठावाच्या गिलाव्याने वेड लावलं. बरेच प्रयोग करून त्याने चुन्यात पांढऱ्या संगमरवराची पूड मिसळली आणि तसाच गिलावा साधला. 1517 ते 1519 या काळात व्हॅटिकनच्या सज्जांमध्ये ही शैली उतरली आणि तिथून युरोपभर गेली.

ही नक्षी काही सगळ्यांनाच आवडली नव्हती. नीरोच्या जवळजवळ शंभर वर्षं आधी वास्तुविशारद व्हित्रुव्हियसने अशा चित्रांवर तोंडसुख घेतलं होतं: बोरूच्या काडीवर छप्पर पेलेल का, देठातून माणूस निघतो का? माझ्या मते पुढचा अर्थबदल याच तक्रारीत दडलेला आहे. निसर्गाचे नियम मोडून भलत्याला भलतं जोडणं, एवढाच अर्थ हळूहळू उरला आणि सौंदर्य गळून पडलं. फ्रेंच निबंधकार मोंतेन याने तर सोळाव्या शतकातच स्वतःच्या निबंधांना हे नाव लावलं: ना धड आकार, ना क्रम. एकोणिसाव्या शतकात टोकाला बारीक आडव्या रेघा नसलेली रोमन अक्षरं छापखान्यात आली, तेव्हा ती लोकांना इतकी ओबडधोबड वाटली की त्यांनाही ग्रोटेस्क म्हटलं गेलं. आज सर्वत्र दिसणारा हेल्व्हेटिका हा टाइप 1957 मध्ये बाजारात आला तो ‘नॉये हास ग्रोटेस्क’ या नावाने.

आता मूळ चित्रांकडे. चौदाशे वर्षं ती टिकली याचं निम्मं श्रेय रसायनाचं. ओल्या चुन्यावर रंग लावला की चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कॅल्शियम कार्बोनेट होतो. रंगाचे कण त्या स्फटिकांत जखडले जातात. रंग भिंतीवर राहत नाही, भिंतीचाच होतो. उरलेलं श्रेय मातीचं. उजेड नाही, वारा नाही आणि दमटपणा कायम एकसारखा. भिंतीतले क्षार पाण्यात विरघळलेलेच राहिले.

दालनं मोकळी केल्यावर हा तोल बिघडला. भिंतीतलं पाणी उडून जाताना क्षारांचे स्फटिक रंगाच्या थराआड धरतात आणि पोपडे निघतात. दिवा लावला की शेवाळ आलंच. अंधारातही ॲक्टिनोबॅक्टेरिया गटातले जिवाणू पांढरट थर धरतात. शिवाय डोक्यावर सार्वजनिक बाग आहे: झाडांची मुळं विटांच्या सांध्यांत घुसतात, पावसात माती भिजून जड होते. मार्च 2010 मध्ये ट्रेजनच्या स्नानगृहांखालच्या एका दालनाचं छत कोसळलं. म्हणून आता बागेची माती टप्प्याटप्प्याने काढून तिथे हलका, पाण्याचा निचरा करणारा थर घालण्याचं काम हाती घेतलंय, आणि आत जाणाऱ्या पर्यटकांच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं जातं.