वस्त्ररचना, संगणकसाहाय्यित : कोकण किनारपट्टी

कापडाची वीण, नक्षी, रंगसंगती, छपाई आणि कपड्याची बेतणी संगणकावर आखायची आणि ती आखणी माग, छपाईयंत्र किंवा कापणीयंत्र यांना कळेल अशा सूचनांत उतरवायची, या पद्धतीला संगणकसाहाय्यित वस्त्ररचना म्हणतात. कारखान्यात आणि बाजारात तिला ‘कॅड’ एवढेच म्हटले जाते. संगणकावर फूल-पान काढले की कॅड झाले, असा समज बराच पसरलेला आहे, पण चित्र हा त्यातला सोपा भाग. ते चित्र विशिष्ट सुताचे, विशिष्ट पन्ह्याचे (म्हणजे कापडाच्या रुंदीचे) आणि विशिष्ट मागावर विणता येईल असे करणे, हे खरे काम. पडदा कोणत्याही रेषेला हो म्हणतो, माग म्हणत नाही.

कोकणपट्टीत या कामाचा पसारा उत्तरेकडे एकवटलेला आहे. मुंबई, यंत्रमागांची भिवंडी, रंगाई-प्रक्रियेचे कारखाने असलेली डोंबिवली आणि तारापूर, तसेच 1982 पासून पॉलिस्टर सूत तयार करणारे रायगडमधील पाताळगंगा हा तो पट्टा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात गिरण्या उभ्या राहिल्या नाहीत. तरीही कापडाच्या इतिहासातून हे दोन जिल्हे वगळता येत नाहीत, कारण मुंबईतल्या गिरण्यांचे खाते सांभाळणारे हात मोठ्या संख्येने तिथलेच होते. कावसजी दावर यांनी 1854 मध्ये मुंबईत कापडगिरणीची कंपनी काढली, तेव्हापासून घाटावरच्या गावांइतकाच कोकणातला चाकरमानी या धंद्याचा कणा राहिला. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर विणाईचे काम झपाट्याने यंत्रमागांकडे, म्हणजे भिवंडीसारख्या गावांकडे सरकले. गिरणीत नक्षीखाते, रंगखाते, विणाईखाते एका आवारात होते. यंत्रमागवाल्याकडे बहुधा फक्त माग असतात. नक्षी एकीकडे, सायझिंग (ताण्याच्या सुताला खळ देणे) दुसरीकडे, रंगाई तिसरीकडे, अशा या विखुरलेल्या कामाला जोडणारा दुवा म्हणून कॅडच्या फाईलला इथे महत्त्व आले.

वीण मुळात हो-नाहीची भाषा आहे. ताण्याचा उभा धागा आणि बाण्याचा आडवा धागा जिथे एकमेकांना ओलांडतात, तिथे एकच प्रश्न असतो : वर कोण? आलेखाच्या कागदावर ताणा वर असेल तो चौकोन रंगवायचा, बाणा वर असेल तो कोरा ठेवायचा. साधी वीण दोन धाग्यांत पुरी होते. तिरप्या रेघेच्या विणीला निदान तीन धागे लागतात, साटिणीला साधारणपणे पाच किंवा त्याहून जास्त. नक्षीदार कापडात मात्र हिशेब एकदम फुगतो. इंचाला 80 ताणे आणि 60 बाणे असलेल्या कापडावर सहा इंच लांब-रुंद फूल विणायचे, तर 480 गुणिले 360, म्हणजे 1,72,800 ठिकाणी वर-खालीचा निर्णय करावा लागतो. शिवाय याच कापडाचा नकाशा सारख्या लांबी-रुंदीच्या चौकोनांवर काढला तर चूक ठरलेली. 240 ताणे रुंद आणि 240 बाणे उंच असे वर्तुळ कागदावर गोल दिसते, पण कापडावर ते तीन इंच रुंद आणि चार इंच उंच, उभट अंड्यासारखे उतरते. म्हणून नक्षीकार पूर्वी प्रत्येक प्रकारच्या कापडासाठी वेगळ्या प्रमाणाचा आलेखकागद वापरीत. कॅडमध्ये ताणे-बाणे भरले की चौकोन आपोआप त्या प्रमाणात येतात. आकडे चुकीचे भरले, तर फूलही तितक्याच आपोआप बिघडते.

हे निर्णय साठवायच्या रीती बदलत गेल्या. बनारसचे नक्षाबंद, म्हणजे मागासाठी नक्षी बांधणारे कारागीर, ते सुतांच्या जाळ्यात बांधून ठेवीत. फ्रान्समधील ल्याँ येथील जोसेफ मारी जकार्ड याने 1804 च्या सुमारास ते पुठ्ठ्याच्या भोकांत आणले. बाण्याच्या प्रत्येक फेरीला एक पुठ्ठा, भोक असेल तर धागा उचलायचा. संगणकावर नक्षीचा नकाशा करण्याचे आरंभीचे मोठे काम 1960 च्या दशकात आयबीएममध्ये जॅनिस लॉरी यांनी केले. 1968 साली सॅन अँटोनियोच्या जागतिक मेळ्यात लोकांनी पडद्यावर आखलेली नक्षी तिथल्या तिथे मागावर विणून दाखवली गेली. पुठ्ठा पूर्णपणे वगळणारे बोनास कंपनीचे इलेक्ट्रॉनिक जकार्ड 1983 च्या मिलान येथील प्रदर्शनात आले. आज 2,688 आकड्यांचे (धागे उचलणाऱ्या हुकांचे) जकार्ड सर्वसामान्य समजले जाते. इंचाला 96 ताणे असतील, तर त्यावर 28 इंच रुंदीची नक्षी एका आवर्तनात बसते आणि 56 इंच पन्ह्यात ती दोनदा येते.

पुठ्ठा गेल्याचा फायदा कोकणाइतका कोरड्या प्रदेशात जाणवत नसेल. रत्नागिरीच्या बाजूला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि आषाढ-श्रावणात घरातल्या पापडापासून कपाटातल्या कागदापर्यंत सगळे सादळते. जकार्डचा पुठ्ठा सादळला की किंचित फुगतो. मग भोके आणि सुया समोरासमोर येत नाहीत, नको तो धागा उचलला जातो आणि कापडात चूक उतरते. कपड्याच्या बेतासाठी कापलेल्या कागदी नमुन्यांचेही असेच होते : जूनमधला नमुना मेमधल्या नमुन्याशी तंतोतंत जुळत नाही. फाईलला दमट हवा लागत नाही. सुताला मात्र ती लागते, आणि ते नेहमी वाईटच असते असे नाही. प्रमाणित हवेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर जेमतेम 0.4 टक्के. ओलावा धरलेले सुती सूत कोरड्यापेक्षा कमी तुटते. मुंबईच्या समुद्री हवेत गिरण्या चालल्या, त्यात या गुणाचाही वाटा होता. कॅडवर काम करणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे की विणल्यावर, धुतल्यावर आणि वाळल्यावर कापड आटते. त्या आटण्याची सूट नक्षीत आधीच धरलेली नसेल, तर काठाचे मोजमाप चुकते.

किनाऱ्याची स्वतःची नक्षी पाहायची तर जकार्डची गरजच नाही. ती चौकड्यांची आहे. कोळी पुरुषांचा कमरेला बांधायचा चौकड्यांचा रुमाल, गोव्यातील कुणबी स्त्रियांचे तांबड्या-पांढऱ्या चौकड्यांचे लुगडे, ही साध्या विणीची वस्त्रे आहेत. कुणबी लुगड्याला वेंडेल रॉड्रिक्स या वेशभूषाकाराने एकविसाव्या शतकात पुन्हा लोकांसमोर आणले. चौकडा सोपा वाटतो आणि नवख्या रचनाकाराची परीक्षा नेमकी तिथेच होते. ताण्यातले पट्टे भीम (ताण्याचे धागे गुंडाळायचा रूळ) भरतानाच ठरतात, तिथे हवे तितके धागे घेता येतात. बाण्यातल्या पट्ट्यांसाठी धोटे, म्हणजे बाण्याचा धागा आरपार नेणारी साधने, बदलावे लागतात. ज्या यंत्रमागाला एकाच बाजूला चार धोट्यांची पेटी असते, त्यावर गेलेला धोटा परत आल्याशिवाय दुसरा सोडता येत नाही. म्हणजे प्रत्येक रंगाच्या फेऱ्या सम संख्येतच हव्यात. समजा इंचाला 56 बाणे आहेत आणि पाव इंचाच्या निम्मी पांढरी रेघ हवी आहे. हिशेबाने सात फेऱ्या येतात. पडद्यावर सात फेऱ्यांची रेघ सुंदर दिसते, मागावर सहा किंवा आठच होतात. आठ केल्या की ताण्यातली पांढरी रेघही त्याच मापाने रुंद करावी लागते, नाहीतर चौकडा चौरस राहत नाही. दोन्ही बाजूंना पेट्या असलेल्या किंवा बिनधोट्याच्या रेपियर मागावर ही अडचण नाही. म्हणून नक्षी सुरू करण्यापूर्वी ‘माग कोणता?’ हे विचारलेच पाहिजे. हा प्रश्न न विचारता केलेल्या फायली जॉबरच्या, म्हणजे मागांची जोडणी-दुरुस्ती पाहणाऱ्या कारागिराच्या, हाती पडतात, मग तो आपल्या अनुभवाने त्या दुरुस्त करतो आणि त्या दुरुस्तीचे श्रेय कुठेच नोंदले जात नाही. वहिफणी भरणारा (वही आणि फणीतून ताण्याचे धागे ओवणारा) आणि जॉबर यांना नक्षीच्या वेळी शेजारी बसवणे हा यावरचा साधा उपाय आहे, आणि तो फारच कमी ठिकाणी केला जातो.

छपाईत अडचण रंगाची. चौकटीच्या छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळी जाळी लागते, म्हणून चित्रातले रंग वेगळे काढून त्यांची संख्या मर्यादेत आणणे आणि नक्षीची पुनरावृत्ती सांधा न दिसता जुळवणे हे कॅडचे काम. शाई फवारणाऱ्या डिजिटल यंत्राला जाळी लागत नाही, त्यामुळे पाच-दहा मीटरचा नमुनाही परवडतो. पण सुती कापडावर आधी प्रक्रिया आणि नंतर वाफारा व धुलाई टळत नाही. पडद्यावरचा तांबडा प्रकाशातून तयार होतो, कापडावरचा तांबडा रंगद्रव्याने शोषून उरलेल्या प्रकाशातून. दोन्ही सारखे दिसतील असे गृहीत धरू नये. रंग मोजण्यासाठी वर्णपटमापक वापरतात आणि कोणते रंग किती मिसळायचे याचे गणित कुबेल्का आणि मुंक यांनी 1931 साली मांडलेल्या सिद्धांतावर आधारलेले असते. एकाच उजेडात जुळलेल्या दोन छटा दुसऱ्या उजेडात वेगळ्या दिसू शकतात. दुकानातल्या दिव्याखाली जुळवलेली चोळी आणि लुगडे अंगणात आल्यावर विजोड दिसतात, हा बायकांचा जुना अनुभव त्यातलाच.

कपड्याच्या बेतणीत कॅड एका मापावरून इतर मापे काढते आणि कापडावर तुकडे कमीत कमी वाया जातील असे मांडते. चौकड्यांच्या कापडात शिवणीवर चौकडे जुळवावे लागतात, तिथे वाया जाणारे कापड वाढतेच.

नक्षीची मालकी हा इथला गंभीर प्रश्न आहे. पुठ्ठ्यांचा गठ्ठा चोरणे अवघड होते, फाईल एका क्षणात दुसऱ्याच्या हाती जाते. डिझाइन कायदा, 2000 प्रमाणे नोंदलेल्या नक्षीला दहा वर्षे आणि वाढवून आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. प्रताधिकार कायदा, 1957 नुसार नोंदता येण्याजोगी पण न नोंदलेली नक्षी औद्योगिक रीतीने पन्नासहून अधिक वेळा वापरली गेली की तिच्यावरचा प्रताधिकार संपतो. छोट्या नक्षीकारांना हा दुसरा नियम माहीत असणे फार गरजेचे आहे. पिढीजात चौकडा आधीच सर्वांसमोर असल्याने तो कोणाला आपल्या नावावर नोंदता येत नाही. वारली चित्रशैलीला भौगोलिक निर्देशन (जीआय, म्हणजे प्रदेशाशी जोडलेल्या नावाची कायदेशीर नोंद) मिळालेले आहे. तरी पालघरच्या पाड्यांवरच्या भिंतींची छायाचित्रे घेऊन, त्यांतल्या आकृत्या सुट्या करून छपाईच्या नक्षीत टाकणे संगणकामुळे अगदी सोपे झाले आहे. चित्रकाराला न विचारता आणि मोबदला न देता असे करणे अन्यायाचे आहे.

शिक्षणाच्या सोयी मुंबई आणि तिच्या शेजारी आहेत : माटुंग्याची 1887 मधील व्हीजेटीआय ही तंत्रशिक्षण संस्था, सर ज. जी. कलाशाळेतील वस्त्ररचनेचा विभाग, वरळीची सस्मिरा ही वस्त्रोद्योग संस्था, खारघर येथील निफ्ट ही फॅशन तंत्रज्ञान संस्था. संशोधनासाठी घाटकोपरची बीटीआरए ही संस्था आहे. हातमागासाठी मुंबईचे विणकर सेवा केंद्र विसाव्या शतकाच्या मध्यापासून काम करीत आले आहे. चित्रकारांना मागाजवळ आणणे ही या केंद्रांची मोठी कामगिरी. अलिबागजवळच्या नागाव येथे 1936 साली जन्मलेले चित्रकार प्रभाकर बरवे यांनी बनारस आणि मुंबईच्या केंद्रांत रचनाकार म्हणून नोकरी केली. ते संगणकाआधीचे, हाताने नकाशा भरण्याचे दिवस होते. हातमाग विणकरांसाठी ‘डिजीबुनाई’ हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर सरकारी पुढाकाराने तयार झाले असून साडीची नक्षी त्यावर विनामूल्य करता येते.

दक्षिण कोकणात कॅडचा सर्वांत उपयोगी वापर नवी नक्षी काढण्यापेक्षा जुनी टिपून ठेवण्याचा ठरू शकतो. ट्रंकेतले जुने लुगडे बाहेर काढायचे, एक इंचाच्या भिंगाखाली ताणे आणि बाणे मोजायचे, मग कडेपासून सुरू करून एकेका रंगाचे किती धागे, हे ओळीने लिहायचे. कापड धुऊन विटले असेल, तर शिवणीच्या आत दडलेला मूळ रंग पाहायचा. सुताची जाडी, पन्हा, काठ जिथे सुरू होतो तो धागा, हे सगळे त्यातच नोंदायचे. अंगाच्या चौकड्याचा असा हिशेब वहीच्या एका पानात मावतो. पदराला तीन-चार पाने लागतात.