फ्लॅनेल: लोकर गेली, शब्द राहिला

ब्रिटनमध्ये एखाद्या घरी पाहुणे म्हणून उतरल्यावर यजमानीणबाईंनी टॉवेलाच्या घडीवर हातरुमालाएवढे, जरा खरखरीत सुती फडके ठेवले आणि ‘हे तुमचे फ्लॅनेल’ असे सांगितले, तर मराठी माणूस क्षणभर गोंधळतो. आपल्याकडे फ्लॅनेल म्हणजे थंडीतल्या सदऱ्याचे किंवा तान्ह्या बाळाच्या दुपट्याचे मऊ, लवदार कापड. ब्रिटिश इंग्रजीत मात्र तोंड धुण्याच्या आणि अंग चोळण्याच्या चौकोनी फडक्याला फ्लॅनेल किंवा फेस फ्लॅनेल म्हणतात. त्यालाच अमेरिकेत वॉशक्लॉथ आणि ऑस्ट्रेलियात फेस वॉशर असे नाव आहे. अमेरिकी माणसाला फ्लॅनेल म्हटले की चौकड्यांचा उबदार शर्टच डोळ्यांपुढे येतो.

हा शब्द मुळात वेल्श, म्हणजे ब्रिटनमधल्या वेल्स प्रांताच्या भाषेतला असावा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. वेल्शमध्ये लोकरीला ‘ग्व्लान’ आणि लोकरी वस्त्राला ‘ग्व्लानेन’ म्हणतात. मूळ इंडो-युरोपीय भाषेतल्या, म्हणजे संस्कृत, लॅटिन, इंग्रजी, वेल्श अशा भाषांच्या समान पूर्वज भाषेतल्या शब्दारंभीच्या ‘व’चा वेल्शमध्ये नियमाने ‘ग्व’ होतो. म्हणूनच संस्कृत ‘वात’, लॅटिन ‘वेंटुस’ आणि इंग्रजी ‘विंड’ यांच्या पंक्तीत वेल्श ‘ग्विंट’ बसतो. याच हिशेबाने ‘ग्व्लान’चे नाते इंग्रजी ‘वुल’शी, लॅटिन ‘लाना’शी आणि संस्कृत ‘ऊर्णा’शी जुळते. कोळ्याला ‘ऊर्णनाभ’ म्हणजे ज्याच्या नाभीत लोकर आहे असा प्राणी म्हणणारी संस्कृत भाषा आणि न्हाणीघरातले हे ब्रिटिश फडके यांच्यामध्ये एकाच प्राचीन शब्दाचा धागा आहे, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते.

कापडाचे नाव वस्तूला कसे चिकटले, हे कळायला मराठीतला ‘ग्लास’ पुरेसा आहे. इंग्रजीत हा शब्द आधी काचेचा, मग काचेच्या पेल्याचा झाला आणि आपण तर बेधडक ‘स्टीलचा ग्लास’ म्हणतो. पदार्थ बदलला, पण काम तेच राहिल्यामुळे नावही टिकले. फ्लॅनेलचेही तसेच झाले. पूर्वी तोंड पुसण्यासाठी खरोखरच लोकरी फ्लॅनेलचा तुकडा वापरत. हल्लीचे फडके सुती असते.

हा बदल होण्यामागे तंतूंचे विज्ञान आहे. फ्लॅनेल विणल्यावर त्याचा पृष्ठभाग खरवडून त्यावर बारीक लव उभी करतात. त्या लवेत हवा अडकते आणि हवा उष्णतेची मंदवाहक असल्याने कापड उबदार लागते. मात्र लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ते खवले एकमेकांत अडकतात, कापड आटते आणि त्याचा नमदा, म्हणजे दाबून घट्ट झालेला लोकरीचा थर, होऊ लागतो. शिवाय ओली लोकर सुक्या लोकरीपेक्षा कमकुवत असते. याउलट कापसाचा तंतू भिजल्यावर अधिक बळकट होतो आणि त्यातल्या सेल्युलोजच्या रेणूंना पाणी सहज धरता येते. रोज भिजवून, चोळून, पिळायच्या फडक्याला याहून योग्य तंतू शोधूनही सापडणार नाही.

आजचे फ्लॅनेल बहुधा टेरी विणीचे, म्हणजे दोन्ही अंगांना सुताचे फासे असलेले असते. या विणीत ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे दोन संच लागतात, एक ताठ ओढलेला आणि दुसरा सैल. बाण्याचे, म्हणजे आडवे, दोन-तीन धागे विणलेल्या कापडापासून थोडे लांब ठेवून मग फणीने एकदम ठोकले की ताठ ताणा जागीच राहतो आणि सैल ताण्याचे फासे वर उचलले जातात. या फाशांमुळे कापडाचा पृष्ठभाग कितीतरी वाढतो आणि त्यांच्यामधल्या बारीक फटींत केशाकर्षणाने पाणी ओढले जाते. हेच ओले फासे त्वचेवरचा मळ आणि मृत पेशीही खरवडून काढतात. हाताने विणलेले असे टॉवेल तुर्कस्तानात पाहून इंग्लंडमधल्या क्रिस्टी कंपनीने ते यंत्रावर आणले आणि 1851 सालच्या लंडनच्या जागतिक प्रदर्शनात मांडले. आपल्या ‘टर्किश टॉवेल’ या नावात तो उगम अजून ऐकू येतो, आणि सोलापूरच्या टेरी टॉवेलांना तर भौगोलिक मानांकनही आहे.

वापरताना इंग्रजी व्याकरणाकडे लक्ष द्यावे लागते. अगोदर ‘अ’ हे उपपद लागले तर फडके, उपपदाशिवाय आले तर कापड, आणि अनेकवचनात ‘फ्लॅनेल्स’ म्हटले तर बहुधा त्या कापडाची पँट, जशी क्रिकेटपटू पूर्वी घालत. बोली ब्रिटिश इंग्रजीत मुद्दा टाळून केलेल्या गुळगुळीत बोलण्यालाही फ्लॅनेल म्हणतात. ‘नॅपकिन’ हा आपला नेहमीचा शब्द मात्र तिथे जपून वापरावा. मराठी घरांत तो हात पुसायचा छोटा टॉवेल असतो, पण लंडनच्या हॉटेलात नॅपकिन मागितला तर जेवणाच्या टेबलावरचा रुमाल हाती येईल. तोंड धुण्याचे फडके हवे असेल, तर तिथे फ्लॅनेल मागावे आणि न्यूयॉर्कमध्ये वॉशक्लॉथ.